डिंडोलीच्या वाडीत भरीताचं वांगं

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. पावसाळ्यात दोन दिवस वाडीत गेलं नाही, तर पानाआड हातभर लांब गिलकं वाढलेलं सापडतं. ते तोडायला हात घालावा तर मागे आणखी चार! आमच्या वाडीवाल्यांचं तसंच आहे. एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागचे चार आपापसांत ढकलाढकली करायला लागतात.

मी सुरतेच्या डिंडोलीत राहते आणि घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझी शिलाई मशीन मागच्या खिडकीला लागून आहे आणि खिडकीतून अख्खी वाडी दिसते. त्यामुळे तिथलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही. नजरेतून सुटलंच तर कानातून सुटत नाही, कारण आमच्या सुकलालअप्पांनी चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली आहेत. ते नुसतं "खुरपं द्या" म्हणाले तरी उधन्यापर्यंत ऐकू जातं!

जागा ठाकोरकाकांची. हे मूळचे इथले सुरती शेतकरी. त्यांची बाकी सगळी जमीन बिल्डिंगखाली गेली, आमच्या सोसायटीमागचा हा एक तुकडा उरला. मुलगा म्हणतो बांधकाम करू, काका म्हणतात करू की, घाई काय आहे. तोवर लोक तिथे कचरा टाकायला लागले, तेव्हा काकांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "भाजी उगाडो. भाडुं नको. पण एक वात सांभळो, नीट ऐका. आ जमीन केळांची, कंदाची, पापडीची. हिच्याशी भांडायचं नाही!"

आम्ही मान डोलावली आणि लगेच भांडायला सुरुवात केली. कारण आम्ही सगळे कोरड्या मुलखातून आलेले. आमच्या डोक्यात शेती म्हणजे आपल्या गावची. दमट हवा, वर्षभर घाम, चिकट काळी माती, चार महिने डबकं, हे डोक्यात उतरायला वेळ लागतो. काहींच्या अजून उतरलेलं नाही.

*

मुख्य गोष्ट आधी सांगते, म्हणजे बाकीच्यांचा संदर्भ लागेल.

सुकलालअप्पा आणि देवकाआक्का हे भुसावळकडचं जोडपं. लग्न झाल्यावर अप्पांनी आक्कांना सुरतेला आणलं तेव्हा शब्द दिला होता, "रिटायर झालो की गावी परत जाऊ." आक्कांनी चाळीस वर्षं तो शब्द पदराला बांधून ठेवला. चहा पांचट झाला, की गावी जाऊ. लाइट गेली, की गावी जाऊ. मग मागच्या वर्षी अप्पा खरंच रिटायर झाले आणि आक्का म्हणाल्या, "चाला."

अप्पांचा चेहरा पडला. त्यांचं सगळं इथे. लेक उधन्यात दिलेली, दोस्त इथे, आणि दुसरं म्हणजे गावी त्यांना झोपच येत नाही. मागे आठ दिवस गेले होते, तर शांततेनं जीव घाबरा व्हायचा. शेवटी दुपारी पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर जाऊन निजायला लागले! आक्का अजून ते सगळ्यांना सांगतात, "लोक गिरणीत दळण टाकतात, आम्ही नवरा टाकून यायचो."

तर अप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गावले असं काय से, जे आठे नही?" आठे म्हणजे इथे.

आक्का म्हणाल्या, "भरीताचं वांगं."

आता हे खरं आहे. भरीताचं ते मोठं, हिरवट-पांढरं, तळहातात न मावणारं वांगं इथे होत नाही. इथे छोटी छोटी वांगी होतात, भरून करायची. अप्पा ताडकन उठले. "मी पिकवून दाखवतो! याच वाडीत!" आक्कांच्या घरी चातुर्मासात वांगं बंद असतं. ते उघडतं चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून. तेव्हा पैज ठरली. येत्या चंपाषष्ठीला नैवेद्याचं वांगं वाडीतलं निघालं तर आक्का सुरतेत राहणार. नाही निघालं तर सामान बांधायचं.

गौतमभाऊ म्हणजे रेल्वेतले, अकोल्याकडचे. त्यांनी तिथल्या तिथे अप्पांच्या कानात तोडगा सांगितला, म्हणजे ओरडूनच सांगावा लागला, "अप्पा, टेन्शन काहून घेता? वांगं मी आणून देतो ना गाडीतून!"

अप्पा भडकले. "देवाच्या नैवेद्यात लबाडी? खोटं वांगं ठेवण्यापेक्षा मी गावी जाईन!"

जूनमध्ये अप्पांनी गावाकडचं बी आणून चाळीस रोपं लावली. चाळीस रोपांवर एका माणसाचं सगळं सुरत टांगलेलं होतं.

*

चाळीसची वीस झाली ती बालाजीमामांमुळे.

बालाजीमामा सेंट्रिंगचं काम करतात, मराठवाड्यातले. लहानपणी एका घागरीसाठी दोन-दोन कोस चाललेला माणूस. त्यांच्या घरी अजून भाजी धुतलेलं पाणी तुळशीला जातं. तर जुलैत पाऊस लागला आणि वाडीत पाणी साचायला लागलं. ठाकोरकाका येऊन सांगून गेले, खालच्या अंगाला चर खणून पाणी काढून द्या. मामांना काम वाटून दिलं. मामांनी दिवसभर खपून काम केलं. संध्याकाळी आम्ही बघतो तर चराच्या जागी गुडघाभर उंच, चोपून चोपून पक्का केलेला बांध!

"मामा, हे काय करायलाव?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"एवढं चांगलं पाणी आलंय. अडवायलोय की ओ!"

दोन दिवसांत वाडीचं तळं झालं. भेंडी पिवळी पडली, मिरची गेली, आणि अप्पांच्या वांग्यांच्या खालच्या दोन ओळी मुळापासून कुजल्या. ठाकोरकाकांनी डोक्याला हात लावला. "बालाजीभाई, इथे पाणी पाहुणा नाही, इथे पाणी घरमालक आहे! त्याला जायला वाट द्या, पहिला!"

मामांनी कुदळ उचलली, बांधावर गेले आणि उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कुदळ काही खाली येईना. आम्हाला वाटलं चमक भरली. मी जवळ गेले तर मामांचे डोळे भरलेले. कुदळ ठाकोरकाकांच्या हातात देऊन म्हणाले, "काका, तुमीच फोडा. माझ्या हातानं पाणी सोडून देणं नाही व्हायचं. मी तिकडं तोंड करून उभा राहतो."

काकांनी बांध फोडला. मामा खरंच पाठ करून उभे राहिले. अप्पांची वीस रोपं मेली होती, तरी त्या दिवशी अप्पा मामांना एक शब्द बोलले नाहीत.

*

याच मामांची केळी मात्र अशी पोसली, की काय सांगू! इथल्या हवेत केळीला काही करावंच लागत नाही. घड आला तो मामांच्या कमरेपर्यंत. मामांनी फोटो काढून गावी भावाला पाठवला.

भावाचा मेसेज आला, "हा फोटो कुठून डाउनलोड केलास?"

मामांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोटो पाठवला. केळीचा घड, शेजारी ताठ उभे मामा, आणि छातीशी धरलेलं त्या दिवशीचं वर्तमानपत्र, तारीख दिसेल असं!

*

आक्का आणि ठाकोरकाका यांची एक वेगळीच लढाई चालू असते. आक्कांचं म्हणणं, सुरतेचे लोक प्रत्येक पदार्थात साखर घालतात, उद्या मिठातही घालतील. काकांचं म्हणणं, खानदेशी माणूस जेवत नाही, अंगाला आग लावून घेतो.

श्रावणात वाडीच्या कडेला अळू माजलं होतं. पानं सुपाएवढी. त्याला ना खत लागतं ना लाड, नुसती ओल पुरे. काकांनी एक जुडी आक्कांना दिली आणि म्हणाले, "बेन, पातरां बनावो. पण गोळ नाखजो!"

आक्कांनी अळूवड्या केल्या. गुळाचा खडासुद्धा दाखवला नाही. बेसनात काळा मसाला, लसूण आणि गावाहून आलेली ती तिखट मिरची पूड. ताट घेऊन स्वतः काकांसमोर जाऊन बसल्या. काकांनी एक वडी खाल्ली. कपाळावरचा घाम पुसला. तांब्याभर पाणी प्याले. दुसरी खाल्ली. पुन्हा पाणी.

आक्का बघतच होत्या. "कसं झालं?"

काका म्हणाले, "बेन, आमां पान घालायला भूली गयां के शुं? मला तर नुसती मिरचीच लागली!"

आम्ही हसून लोळायचे बाकी राहिलो. आक्कांनी रागानं ताट उचललं, तर काकांनी ते धरून ठेवलं. "रहेवा दो, रहेवा दो. उद्या जमाई येणार आहे माझा."

"त्यांना आवडतं तिखट?"

"नाही ना!" काका म्हणाले. "म्हणूनच तर!"

आक्का त्या दिवशी इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "गावी गेले की असं कोणी भेटणार नाही भांडायला." लगेच सावरून घेतलं आणि म्हणाल्या, "पण जायचं म्हणजे जायचं."

*

आता आमच्या घरचा एक. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई दुसऱ्यांचंच सांगते.

हा त्याच्या आधीच्या वर्षीचा. आमचे हे पलसाण्याला कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात आहेत. दिवसभर रंगांचं प्रमाण मोजून मोजून त्यांना वाटतं, जगात सगळं मोजून करता येतं. कुठेतरी खाल्लेली पपई फार गोड लागली म्हणून तिच्या बिया खिशात घालून आणल्या. रोपं केली. त्यातली आठ उत्तम बघून वाडीत लावली. मातीचे उंच वाफे केले, म्हणजे पाणी साचायला नको. ड्युटीवरून आले, की आधी पपया, मग चहा, मग मी!

पाच-सहा महिन्यांनी झाडांना फुलं आली. लांब लांब झुपके, पांढरेशुभ्र, नुसते लोंबत होते. ह्यांनी आनंदानं वाडीच्या ग्रुपवर फोटो टाकला. "या वर्षी सगळ्यांना पपई!" मामांनी तर डबा आणून ठेवला.

ठाकोरकाका आले, एकेका झाडापाशी थांबले, आणि ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. कुणाच्या घरी काही वाईट झालं की ठेवतात तसा. "भाई, लटकतं फूल म्हणजे नर. बधा नर छे."

"आठच्या आठ?"

"आठेआठ."

नराला पपई लागत नाही. सहा महिन्यांची सेवा पाण्यात! हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. माझ्या सासूबाईंना आयुष्यभर एकच खंत आहे, आम्हाला दोन्ही मुलीच. मला संधी सोडवली नाही. त्याच संध्याकाळी गावी फोन लावला.

"आई, बातमी आहे. तुमच्या मुलाला आठ मुलगे झाले, एकदम!"

"काय म्हणतेस?"

"हो. पण एकही उपयोगाचा नाही!"

सासूबाईंनी फोन ठेवला. पण त्यानंतर मुलींचा विषय त्यांनी परत काढला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

*

गौतमभाऊंचा किस्सा पावसाळ्यातला. त्यांचा लाल भोपळ्याचा वेल होता, कुंपणावरून पार रस्त्यापर्यंत गेलेला. मादी फुलं यायची, पोटाशी इवलासा भोपळा धरूनच यायची, आणि दोन दिवसांत पिवळी पडून गळायची. ठाकोरकाकांनी कारण सांगितलं. सारख्या पावसात मधमाशी बाहेर पडत नाही. नराचं फूल तोडून स्वतःच्या हातानं मादीच्या फुलाला लावायचं, तेही सकाळी, फूल उमललेलं असतानाच.

भाऊ ड्युटीहून सकाळी सहाला परत आले तर मादीची तीन फुलं उमललेली आणि नराचं एकही नाही. रस्त्यापलीकडे राहणाऱ्या रंजनबेनच्या कंपाउंडमध्ये भोपळ्याचा वेल, त्यावर नराची फुलंच फुलं! भाऊ तसेच युनिफॉर्ममध्ये गेले आणि बेल वाजवली. रंजनबेन झोपेतून उठून दारात आल्या.

"बेन," भाऊ घाईघाईत म्हणाले, "फूल जोईए. जल्दी. आठ वाजता मिटून जाईल!"

मागून रंजनबेनचे मिस्टर आले. धिप्पाड माणूस. परका पुरुष सकाळी सहाला आपल्या बायकोकडे फूल मागतोय, हे त्यांनी डोळे चोळत ऐकलं. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आज रेल्वेचा एक माणूस कमी झाला!

भाऊंनी तीन भाषांत मिळून सगळं समजावलं. नर, मादी, पाऊस, मधमाशी. मिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, स्वतः जाऊन चार फुलं तोडून दिली, आणि भाऊंबरोबर येऊन फुलं लावताना बाजूला उभे राहिले, हाताची घडी घालून.

त्यातले दोन भोपळे धरले. चांगले चार-चार किलोचे झाले. ज्या दिवशी भाऊंनी ते तोडले, त्या दिवशी रंजनबेनचे मिस्टर पिशवी घेऊन हजर!

"भाई, बाप अमारो ने छोकरां तमारां? आ केवो न्याय?"

एक भोपळा तिकडे गेला. हल्ली दर पावसाळ्यात दोन्ही घरांत मिळून वेल लावतात.

*

इकडे अप्पांच्या वीस रोपांची काय गत? श्रावण-भाद्रपदात पाऊस आणि ऊन आलटून पालटून पडलं, घामट हवा झाली आणि अळी पडली. शेंड्यात अळी, फुलात अळी, बोटाएवढ्या वांग्यात भोक पाडून आत बसलेली अळी. अप्पा रोज सकाळी चष्मा लावून एकेक अळी वेचायचे, आणि वेचताना तिला इतक्या मोठ्यानं शिव्या द्यायचे, की मला खिडकी लावून घ्यावी लागायची.

विकतचं औषध मारायचं नाही, नैवेद्याचं वांगं आहे, असा त्यांचा हट्ट. मग कुणीतरी सांगितलं, मिरची-लसणाचा अर्क उकळून फवारा. अप्पांनी आक्का लेकीकडे गेलेल्या बघून घरातल्या गॅसवर मोठ्या पातेल्यात दोन किलो मिरची आणि किलोभर लसूण चढवला. वास बाहेर जाऊ नये, म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या!

पंधरा मिनिटांत घरांची पूर्ण लाइन खोकायला लागली. वरच्या मजल्यावरची पोरं रडायला लागली. वॉचमन ओरडला, "गॅस लीक! गॅस लीक!" सगळी सोसायटी नाकाला रुमाल लावून खाली रस्त्यावर. अप्पा सगळ्यांत शेवटी बाहेर आले, डोळे लाल, हातात पातेलं, आणि तसेच वाडीत जाऊन फवारून आले.

संध्याकाळी आक्का आल्या. त्यांनी सगळं ऐकलं, वाडीत जाऊन वांग्याचं पान उलटून पाहिलं आणि परत येऊन जाहीर केलं, "अळ्या सोडून बाकी सगळे पळाले!"

*

दिवाळी झाली तेव्हा रोपं उरली होती तीन. मार्गशीर्ष लागला तेव्हा एक. त्या एका झाडावर एक वांगं होतं, लिंबाएवढं, आणि त्यालाही भोक होतं.

चंपाषष्ठीच्या दोन दिवस आधी मी अप्पांकडे साडी द्यायला गेले तर माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढलेली. अप्पा तिच्यात एकेक वस्तू ठेवत होते आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता. "शब्द म्हणजे शब्द, पोरी," एवढंच म्हणाले. मी घरी आले आणि मशीनवर बसून रडले, खोटं कशाला सांगू. खिडकीतून येणारा तो आवाज बंद होणार, ही कल्पनाच मला सहन होईना.

आक्काही दोन दिवस भांडायलासुद्धा वाडीत आल्या नाहीत.

चंपाषष्ठीला उजाडता उजाडता मी आणि हे मागच्या दारानं वाडीत शिरलो. ह्यांच्या पिशवीत दोन वांगी होती, कामावरच्या एका जळगावच्या माणसाकडून गुपचूप मागवलेली. देव आम्हाला माफ करणार होता, मी तसं आदल्या दिवशी त्याच्याशी बोलून ठेवलं होतं.

आत पाऊल टाकलं तर केळीमागून बालाजीमामा. त्यांच्या हातात पिशवी.

"मामा, तुम्ही?"

"उधन्याच्या बाजारातून आणलीत," मामांनी हळूच उघडून दाखवली. लांबट, जांभळी!

"अहो, भरीताची हिरवी असतात!"

"वांगं ते वांगं की ओ!"

तेवढ्यात कुंपणावरून उडी मारून गौतमभाऊ. थेट भुसावळच्या गाडीतून आलेली पिशवी. "तुमच्या देवाचं तुम्ही पाहून घ्या," भाऊ म्हणाले, "मले फक्त अप्पा इथं पाहिजे." आणि मागोमाग, काठी टेकत, टोपीत डझनभर छोटी वांगी घेऊन ठाकोरकाका! जमिनीशी भांडू नका म्हणणारे ठाकोरकाका!

"काका, ही तर बोराएवढी आहेत."

"जे मिळालं ते आणलं," काका ओशाळून म्हणाले. "दोरी आणलीय कुणी?"

दोरी कुणीच आणली नव्हती. तसेच आम्ही पाचही जण त्या एकुलत्या एक झाडापाशी गेलो आणि जागच्या जागी थांबलो.

झाडावर तीन वांगी होती! मोठाली, हिरवट-पांढरी, तळहातात न मावणारी. त्यांच्या वजनानं ते गुडघ्याएवढं झाड वाकून पार जमिनीला टेकलेलं.

भाऊंनी मामांकडे बघितलं, मामांनी काकांकडे, काकांनी ह्यांच्याकडे. तेवढ्यात फाटक वाजलं. आम्ही सगळ्यांनी पिशव्या पाठीमागे लपवल्या.

अप्पा आले, धुतलेलं धोतर, टोपी. हरायला निघालेल्या माणसाची चाल. मागे टोपली घेऊन आक्का. अप्पांनी झाड बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग आमच्याकडे वळले आणि त्यांचा जुना आवाज परत आला.

"देवाची वस्तू आहे! खरं सांगा, हे कोणी केलं?"

"मी नाही," हे म्हणाले.

"मी नाही ओ," मामा म्हणाले.

"आईशपथ, मी नाही," भाऊ म्हणाले.

काकांनी आणि मी मान हलवून नाही म्हटलं. पाचही जण पाठीमागे वांगी धरून उभे, आणि पाचही जण खरं बोलत होतो!

अप्पांना काही सुधरेना. आक्का मात्र कुणाकडेही न बघता पुढे झाल्या, झाडापाशी बसल्या आणि वांगी काढायला लागल्या. मी जवळच उभी होते. देठाला दोऱ्याचे तीन-तीन वेढे होते. माझा फॉलचा जांभळा दोरा. आदल्या दिवशी दुपारी आक्का माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. गावाहून भाचा उभ्या उभ्या येऊन गेला म्हणाल्या, आणि जाताना रीळ मागून नेलं होतं.

आक्कांनी शेवटचा दोरा दातांनी तोडला, कमरेला खोचला, टोपली उचलली आणि अप्पांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हारनू मी," आक्का म्हणाल्या. "आते काय, आठेच ऱ्हानं पडी!"